जेवून निघा

संपादकांनी लेख मागितला आणि फोन ठेवता ठेवता विचारलंच, "मॅडम, पण तुम्ही इतकी वर्षं बारामतीत नेमकं करत काय होता?" मला राग आला नाही. हा प्रश्न मला गॅस सिलिंडरवाल्यानं विचारला आहे, बँकेतल्या साहेबांनी विचारला आहे आणि सासूबाई तर तो नेमानं विचारायच्या. त्यांना मी एकदा सांगितलं, "कॉम्प्युटरला मराठी शिकवते." त्या म्हणाल्या, "आधी तुज्या पोराला शिकीव." मुलगा इंग्रजी शाळेत होता. मी गुमान भाकऱ्या थापायला बसले.

आता काम थांबलं आहे, वेळ आहे, तेव्हा एकदा नीट सांगूनच टाकते.

शब्दाचा आणि वाक्याचा अर्थ आकड्यांत कसा धरायचा, हे आमचं काम होतं. त्यासाठी जे गणित वापरायचो ते मुळात अणूच्या आतल्या कणांसाठी तयार झालेलं, म्हणजे क्वांटमचं गणित. कण आमच्याकडे नव्हते. भारी यंत्रंही नव्हती. भिगवण रोडला खताच्या दुकानावर दोन खोल्या, दोन कॉम्प्युटर, एक फळा आणि हात लावला की झटका देणारा एक फ्रिज, एवढा आमचा संसार. पण उत्साहाच्या भरात आम्ही पाटीवर 'क्वांटम' हा शब्द घातला आणि दुसऱ्याच दिवशी खालचे दुकानमालक जिना चढून वर आले.

"ताई, वर अनूबिनूचं काय हाय का? न्हाय, खाली माजा युरिया हाय, म्हनून इच्यारलं."

मी समजावून सांगायला लागले, तेवढ्यात खारतोडे सर म्हणाले, "मालक, हितं फुटण्यासारखं एकच हाय, माझं डोकं. ते तुमच्या युरियापासनं लांब ठेवतो." मालक हसले, पण पुढं कितीतरी दिवस त्यांनी जिन्याखाली वाळूच्या बादल्या भरून ठेवल्या होत्या.

हा लेख खरं तर खारतोडे सरांबद्दलच आहे.

सर इंदापूरचे. जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, मलाही शिकवलं. मी मूळची कळसची. आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ठरवून टाकलं होतं की घरातली पोरंपोरी शिकणार, आणि त्या ठरावाचं फळ म्हणून मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाले. लग्न होऊन बारामतीत आले आणि तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात शिकवत फिरू लागले. सर रिटायर झाल्यावर एकदा स्टँडवर भेटले. म्हणाले, "सुजाता, तुला क्वांटम येतं, कॉम्प्युटर येतो आणि कळसची भाषा येती. ही तिन्ही येणारं मानूस मला पुण्यात मिळंना." स्तुती करून माणसाला कामाला कसं जुंपायचं हे मास्तर लोकांना शिकवावं लागत नाही. पुढच्या सोमवारी मी हजर झाले.

सर रोज सकाळच्या एसटीनं इंदापूरहून यायचे. सोबत काकूंनी दिलेला डबा, आणि डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्तीची. उपाशीपोटी वाक्याचा अर्थ काढायचा नाही, असा सरांचा नियमच होता. भुकेल्या माणसाला प्रत्येक वाक्यात तक्रार ऐकू येते असं त्यांचं म्हणणं. मी काहीतरी अडलं म्हणून चिडचिड करायला लागले की ते खडू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी जेव."

आता गणिताचं सांगते. घाबरू नका, थोडंच आहे.

कॉम्प्युटरला शब्द कळत नाही, आकडे कळतात. म्हणून प्रत्येक शब्दाचा एक बाण करायचा. ऊस आणि कारखाना यांचे बाण जवळपास एकाच दिशेला असतात, ऊस आणि पाळणा यांचे लांब. हे सगळं जग करत होतं. अडचण यायची ती 'पाळी'सारख्या शब्दाशी. आमच्याकडं पाळी कॅनॉलच्या पाण्याची असते, कारखान्यातल्या कामाची असते, रानात कुळवाची असते आणि बाईची असते. चालू पद्धतीत या सगळ्यांची सरासरी निघायची आणि जो बाण तयार व्हायचा तो धड पाण्याकडं नाही, धड बाईकडं नाही, असा मधेच कुठंतरी बघत बसायचा. क्वांटमच्या गणितात अशी सोय आहे की सगळे अर्थ कमीजास्त वजनानं एकाच वेळी शिल्लक ठेवायचे आणि शेजारचे शब्द आल्याशिवाय निवड करायचीच नाही. "आज आपली पाळी हाय, पाट फोड" हे वाक्य पुरं झालं की बाकीचे अर्थ आपोआप गळून पडतात. सर त्याला 'घाई न करण्याचं गणित' म्हणायचे.

वाक्याचंही तसंच. शब्दांची बेरीज करून वाक्य होत नाही. क्रियापद हे रसवंतीच्या चरकासारखं असतं. त्यात कर्ता घालायचा, कर्म घालायचं, आणि बाहेर येतं ते दोन्हीपेक्षा वेगळंच. याचं गणित मांडायला आम्हाला बरेच महिने लागले आणि ते कॉम्प्युटरला झेपावं म्हणून छाटायला आणखी बरेच.

पण सरांचा जीव होता तो तिसऱ्या गोष्टीवर. दुपारी घरचं आवरून आसपासच्या चार-पाच बायका आमच्याकडं यायच्या. लोकांची बोललेली वाक्यं ऐकायची आणि अर्थाची खूण करायची, हे त्यांचं काम. मशीन त्या खुणांवरून शिकायचं. एकदा सरांनी त्यांना एक वाक्य ऐकवलं, "तुमाला वाटंल तसं करा." आणि दोन प्रश्न विचारले. बोलणारा रागावलाय का? बोलणारा नाही म्हणतोय का? रागाचं आधी विचारलं की बायका म्हणायच्या, रागावलाय तर, आणि नाहीच म्हणतोय. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बायकांना प्रश्न उलट क्रमानं विचारले, तर त्या म्हणाल्या, नाही कुठं म्हणतोय, परवानगी देतोय की, आणि राग कशाचा? शाळेतल्या गणितात दोन त्रिक सहा आणि तीन दुणे सहाच. क्वांटमच्या गणितात क्रम बदलला की उत्तर बदलू शकतं. आधी फोडणी मग भाजी आणि आधी भाजी मग फोडणी, यातला फरक कुठल्याही बाईला ठाऊक असतो. सरांना मात्र इतका आनंद झाला की त्यांनी सगळ्यांना भेळ आणली.

"सुजाता, नुसतं इच्यारणं हेसुद्धा काहीतरी करणं हाय," ते म्हणाले. "इच्यारलं की वाक्य पहिल्यासारखं राहत न्हाय."

मी म्हटलं, "सर, भेळ मऊ पडतीय." मला तेव्हा अशा बोलण्याचा कंटाळा यायचा. आता तसं बोलणारं कोणी नाही.

सरांना एकच गोष्ट हवी होती. डोळे मिटायच्या आत हे गणित आपल्या भागातल्या माणसांच्या उपयोगाला पडलेलं त्यांना बघायचं होतं. परिषदांमध्ये टाळ्या पडायच्या, पण त्यानं त्यांचं समाधान व्हायचं नाही. "टाळ्या काय, कीर्तनात पण पडतात," म्हणायचे. मग पुण्याच्या एका संस्थेनं आम्हाला 'निरोप'चं काम दिलं आणि सर आठ दिवस हवेत चालत होते.

निरोपची कल्पना साधी होती. गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांनी एका नंबरवर फोन लावायचा आणि मुलाला, मुलीला जे सांगायचं ते मनमोकळं बोलायचं. मुलं कारखान्यात, कंपनीत. कामावर फोन घेता येत नाही आणि लांबलचक बोलणं ऐकायला सवड नसते. म्हणून मशीननं ते ऐकून एका ओळीत गोषवारा करायचा आणि मुलाच्या मोबाईलवर पाठवायचा.

पहिल्याच आठवड्यात मोरगावच्या हौसाबाईंनी आमची जिरवली. मुंबईच्या लेकाला त्यांचा निरोप असा होता: "शेळी याली, दोन करडं हायत. बाजरी काढली. यष्टी आता देवळापशी थांबत न्हाय, म्होरं जाती. शेजारच्या सुमीचं जमलं. बाकी काय न्हाय. माजा पाय मोडलाय, पलस्तर घातलंय." मशीननं गोषवारा पाठवला, 'शेळी व्याली.' लेकानं अभिनंदन कळवलं. हौसाबाईंनी आम्हाला फोन करून जे ऐकवलं त्याचा गोषवारा मी इथं देत नाही.

सर पोट धरधरून हसले आणि मग कामाला लागले. आपल्याकडं महत्त्वाची गोष्ट शेवटी सांगतात, 'बाकी काय न्हाय' म्हणून झाल्यावर. तोवर ऐकणाऱ्याचं मन शेळीवर, बाजरीवर बसवून घ्यायचं असतं. आम्ही मशीनला ते शिकवलं. मग गोषवारे इतके बरोबर यायला लागले की आम्हालाच नवल वाटावं.

त्यातच एका जातीचे निरोप होते. "नानांना जरा बरं न्हाय. तसं काय न्हाय. जेवून निघ." हे ऐकलं की आमच्या बायका एकमेकींकडं बघायच्यासुद्धा नाहीत, सरळ खूण करायच्या, 'गेले'. मीसुद्धा तीच केली असती. गेल्याची बातमी आपल्याकडं तोंडावर देत नाहीत. आणि 'जेवून निघ' अशासाठी, की मयताच्या घरी चूल पेटत नाही. लांबून येणाऱ्याच्या पोटात दोन घास असावेत. आम्ही सगळ्या इथल्याच. जे जन्मापासून माहीत होतं ते आम्ही मशीनला मन लावून शिकवलं आणि ते शिकलंही.

त्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी फार खाली गेलं. पळसदेवला जुनं देऊळ उघडं पडलं आणि त्याच्या आसपास धरणात गेलेल्या जुन्या गावाचे पाये दिसायला लागले. तिथल्या ज्ञानूआबांचा मुलगा सुभाष चाकणला कारखान्यात होता. पाणी परत चढायच्या आत त्यानं आणि नातवंडांनी येऊन जुन्या घराची जागा बघावी, एवढंच आबांचं मागणं होतं. सुभाषचा जन्मच धरण झाल्यावरचा. "बघू, सुट्टी मिळाली की," असं त्याचं चाललं होतं. शेवटी आबांनी शेजारच्या बबनला धरलं. बबन मासेमारी करायचा, बोलायला गोड. त्यानं निरोप ठेवला:

"सुभाष, बबनकाका बोलतूय. आबास्नी जरा बरं न्हाय. तसं काय न्हाय, घाबरू नगं. पोरांस्नी घिऊन ये. बाकी काय न्हाय. जेवून निघा."

मशीननं शिकवल्याप्रमाणे सगळं तोललं आणि चाकणला एक ओळ पाठवली: 'आबा वारले. मुलांना घेऊन या.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन वाजला. मी घेतला. पलीकडून माणूस म्हणाला, "मॅडम, मी पळसदेववरनं सुभाष बोलतोय. आमचं आबा जित्तं हायत."

मला काही कळेना. "मग चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"चांगलं हायच. पन तुमच्या मशीननं काल मारलं त्यांना."

मग त्यानं सगळं सांगितलं. जीप करून सगळे निघाले होते. भिगवणच्या दोन आत्या वाटेत घेतल्या. हार घेतला. पळसदेवला पोचले तर आबा फेटा बांधून लिंबाखाली बसलेले, शेजारी बबनची होडी तयार. आत्यांनी आबांना बघून पुन्हा रडायला सुरुवात केली.

मला हसू आवरत नव्हतं, तेवढ्यात सुभाषचा आवाज बदलला.

"मॅडम, तो निरोप माज्या पोरीनं वाचला. फोन तिच्या हातात व्हता. बबनकाकांचं बोलनं मी कानानं ऐकलं असतं तरी कळलं असतंच मला, मी काय परदेशातला न्हाय. पन मग चाकनपासनं पळसदेवपत्तुर 'जरा बरं न्हाय' एवढंच राहिलं असतं. वाटभर आबा असतं माज्यापाशी. तुमी तेवढं बी ठेवलं न्हाय."

मी फोन सरांकडं दिला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आम्ही येतो."

एसटीनं भिगवण, तिथून पुढं वडापच्या जीपनं पळसदेव. सुभाष अजून तिथंच होता, सुट्टी वाढवून घेतली होती. आबांनी आम्हाला चहा पाजला. त्यांच्या तोंडावर पश्चात्तापाचं नाव नव्हतं.

"आबा, असा खोटा निरोप द्यावा का?" सरांनी विचारलं.

"खोटा कुटला, गुर्जी? जरा बरं न्हाईच की मला. ह्या वयात कुनाला बरं असतंय?"

"आणि जेवून निघा?"

"मंग पोरांस्नी उपाशी येऊ द्यू का?"

मी विचारलं, "हाराचं काय केलंत?"

"द्येवाला घातला. वाया कशापायी घालवायचा?"

मग आबा आम्हाला त्या भेगाळलेल्या गाळावरून चालत घेऊन गेले. देवळाच्या अलीकडं दगडांची एक ओळ होती. आबांनी काठीनं गाळ उकरला आणि एक लांबट दगड मोकळा केला. "हा उंबरा. हितं चूल हुती. हितं तुजी आजी बसायची," ते नातीला सांगत होते. पोरगी उंबऱ्यावर उभी राहिली. सुभाष बाजूला तोंड करून डोळे पुसायला लागला, तेव्हा आबा म्हणाले, "रडायचं त्ये मेल्यावर रड. आता बघून घे." सुभाषनं खरंच डोळे पुसले आणि दगड दगड बघितला. पाऊस लागला तसं पाणी परत चढलं. आबांचं काम झालं होतं.

परत येताना भिगवणच्या स्टँडवर सरांनी चहा मागवला. मग म्हणाले, "सुजाता, आबा जित्ते निघाले म्हणून आपण वाचलो. ते खरंच गेले असते तर?"

"तर मशीन बरोबर ठरलं असतं."

"तेच म्हणतोय. बरोबर ठरलं असतं आणि सुभाषला वाटभर बाप राहिला नसता." त्यांनी कप खाली ठेवला. "काही वाक्यं आपण उघडायचीच न्हाईत. ज्याची हायत त्यानं उघडावीत, त्याला सोसंल तवा."

पुढचे दोन महिने सर फळ्यासमोर होते. क्वांटमच्या गणितात मोजमाप केलं की सगळ्या शक्यता जाऊन एकच उरते. सरांनी अशी मांडणी केली की या जातीचा निरोप ओळखू आला की मशीननं मोजमापच करायचं नाही. गोषवारा नाही, ओळ नाही. 'तुमच्यासाठी निरोप आहे' एवढं कळवायचं आणि बोलणाऱ्याचा आवाज जसाच्या तसा पुढं द्यायचा. ओळखायचं पण ठरवायचं नाही, हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. आम्ही केलेल्या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात चांगलं काम ते, असं मी आजही म्हणते.

पुण्याच्या संस्थेतल्या तरुण अधिकाऱ्यानं व्हिडिओ कॉलवर सगळं शांतपणे ऐकलं. मग अदबीनं विचारलं, "सर, पण मग अशा वेळी मशीन नेमकं करतं काय?"

"गप बसतं," सर म्हणाले. "पोरांना हे शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. मशीन दोन महिन्यांत शिकलं."

तो हसला, पण त्याच्या वरच्यांना ते पटलं नाही. गप बसणाऱ्या मशीनचं काम पुढं कोण देणार? वर्षाच्या आत निरोप बंद झाला. तोवर जगात मोठमोठी यंत्रं आली होती, सगळ्या भाषा एका घासात गिळणारी. त्यांना आमचे बाण नको होते की आमचा चरक. ती चांगली आहेत, उगाच नावं ठेवणार नाही. कुतूहल म्हणून मी एकदा बबनकाकांचा निरोप माझ्या मोबाईलवरच्या अशाच एकाला घातला. त्यानं अगदी शुद्ध मराठीत माझं सांत्वन केलं आणि मृत्यूच्या दाखल्याला कोणती कागदपत्रं लागतात तेही सांगितलं.

खोल्या सोडायच्या दिवशी सरांनी फळा स्वतः पुसला. खालचे मालक कॉम्प्युटर उतरवायला मदतीला आले होते. जिना उतरताना सर मधेच थांबले. "सुजाता, उपयोग झाला का गं कुणाला आपला?"

मी म्हटलं, "सर, यष्टी चुकंल." त्यांची एसटी खरंच चुकली असती. पण मला उत्तर सुचलं नव्हतं हेही तितकंच खरं. नंतर मी पुन्हा कॉलेजात तास घेतले, रिटायर झाले. सणावाराला, त्यांच्या वाढदिवसाला फोन व्हायचे. तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला नाही.

यंदा उन्हाळ्यात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला काकूंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता, जरा बसलेला.

"सुजाता, अगं, सरांना जरा बरं न्हाय. तसं काही न्हाय. सवडीनं ये." मग शेवटी म्हणाल्या, "जेवून निघ, बाई."

'काकू, खरं सांगा,' हे शब्द माझ्या अगदी जिभेवर आले होते. मी ते गिळले. "येते," म्हटलं आणि फोन ठेवला.

मिस्टर म्हणाले, "त्यांच्या प्रशांतला फोन लावून विचारू का?" प्रशांत म्हणजे सरांचा मुलगा. मी म्हटलं, "नको. कुणालाच विचारू नका." ते गाडी काढतो म्हणाले, तर तेही नको म्हटलं. मला एसटीनं जायचं होतं. सर याच रस्त्यानं रोज यायचे.

मी पान वाढून घेतलं. भाकरी होती, शेपूची भाजी होती. एकेक घास चावून खाल्ला. भूक नव्हती तरी खाल्ला, कारण सरांचा नियम होता. ताटावर बसले होते तोवर सर इंदापुरात खाटेवर बसून माझी वाट बघत असण्याची शक्यता होती, आणि ती मला संपवायची नव्हती.

एसटीत खिडकी मिळाली. लासुर्ण्यापर्यंत मी सरांशी भांडत होते, की भेळेच्या वेळी तुमचं बोलणं नीट ऐकून घ्यायला हवं होतं ते तुम्ही मला बजावून का सांगितलं नाहीत. निमगाव केतकीला पानमळे दिसायला लागले तेव्हा त्यांचा जिन्यातला प्रश्न आठवला. या वेळी उत्तर सुचलं. म्हटलं, सर, झाला उपयोग. आत्ता, याच गाडीत होतोय. तुमचं घाई न करण्याचं गणित मी मांडीवर घेऊन बसले आहे, आणि त्याच्यामुळं तुम्ही माझ्या शेजारी आहात. मी रडत नव्हते. शेजारची बाई मला मेथीची जुडी केवढ्याला पडली ते सांगत होती आणि मी तिला हो हो म्हणत होते.

इंदापूरच्या स्टँडवर प्रशांत उभा होता. दाढी वाढलेली, पायात स्लिपर.

"जेवलात ना, ताई?" तो म्हणाला.

"जेवले," मी म्हटलं.

त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घराकडं चालायला लागलो.